फायनल फॅन्टसीचा बारावा भाग : खेळ आपला आपण खेळत असेल तर त्याला कोणते माप लावावे?

टिळकवाडीकर

नमस्कार. फायनल फॅन्टसी या व्हिडिओ गेमच्या मालिकेतील दहाव्या भागानंतर कोणता भाग घ्यावा, असे चिकोडीचा माझा धाकटा मामेभाऊ आठवड्यातून दोनदा विचारतो आणि मला त्याला धड उत्तर देता येत नाही, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. मी स्वतः सातवा आणि दहावा भाग शेवटपर्यंत खेळलो आहे, नववा अर्ध्यावर सोडला आहे, आणि सध्या संगणकावर बारावा भाग, म्हणजे त्याची ‘द झोडिॲक एज’ ही सुधारलेली आवृत्ती, खेळत आहे. तीसेक तास झाले असावेत. गाव सुंदर आहे, संवाद उत्तम आहेत, आवाज देणाऱ्यांनी जीव ओतला आहे, आणि तरीही काहीतरी बिनसले आहे.

नेमके काय बिनसले ते परवा रात्री कळले. ओगिर-येन्साच्या वाळूच्या समुद्रात, त्या गंजलेल्या तेलाच्या मनोऱ्यांपाशी, मी पोहोचलो होतो आणि आईने जेवायला हाक मारली. खेळ थांबवायचे राहून गेले. मी ताट घेऊन खोलीच्या दारातच बसलो. समोर पडद्यावर वाळूतून उरुतान-येन्सांची टोळी वर आली, माझे तिघे त्यांना भिडले, एकाचा एचपी (जीवशक्तीचा आकडा) निम्म्यावर येताच दुसऱ्याने त्याच्यावर उपचार केले, टोळी आडवी झाली आणि तिघे पुन्हा शांत उभे राहिले. माझी भाकरी अर्धीही संपली नव्हती. कंट्रोलर गादीवर पडलेला होता.

दहाव्या भागात असे कधी घडले नसते. तेथे पुढच्या चाली कोणाच्या आहेत हे पडद्याच्या कडेला दिसते, सात पात्रांपैकी कोणालाही ऐन लढाईत आत-बाहेर करता येते, आणि आपण विचार करत असेपर्यंत सगळे जग थांबून राहते. एकेका चालीसाठी मी पाच-पाच मिनिटे घालवली आहेत. येथे मात्र ‘गॅम्बिट’ नावाचे नियम एकदा लावून दिले की पुढचे सगळे आपोआप. याच खेळाला २००६ साली जपानच्या फामित्सु साप्ताहिकाने ४० पैकी ४० गुण दिले होते, हे वाचल्यावर तर मी अधिकच गोंधळलो.

तेव्हा माझा प्रश्न असा की हा दोष खेळाचा आहे की माझा? आणि एखाद्या जुन्या मालिकेतील पुढचा भाग तपासताना त्याने आधीच्या भागांनी दिलेले सुख पुन्हा द्यावे अशी अपेक्षा धरणे रास्त आहे, की त्यावर छापलेला क्रमांक विसरून त्याच्याकडे पाहावे? कृपया ‘आवडीनिवडीचा प्रश्न आहे’ असे उत्तर देऊ नये; तेवढे मलाही ठाऊक आहे.

निपाणीचा जुना खेळाडू

टिळकवाडीकर, मी हा भाग प्लेस्टेशन २ वर खेळलो, तोही घरी नव्हे, तर गावातल्या एका गेम पार्लरमध्ये तासाच्या भाड्याने. आठ एमबीचे मेमरी कार्ड खिशात घालून जायचे आणि आधी बसलेले पोर उठेपर्यंत बाकावर वाट पाहायची. तेव्हा सेव्ह फक्त स्फटिकापाशीच करता येत असे, त्यामुळे स्फटिक दोन वळणांवर आला असताना वीज गेली की दीड तास पाण्यात. तुमच्या आवृत्तीत एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताच खेळ आपोआप सेव्ह होतो. तुम्ही सुखी आहात.

आता मुद्द्याकडे येतो. ‘आधीच्या भागांनी दिलेले सुख’ म्हणजे नेमके कोणते, हे आधी ठरवले पाहिजे, कारण या मालिकेत प्रत्येक क्रमांकाला जग नवे, माणसे नवी आणि लढाईची रीतही बहुधा नवी असते. १९८७ च्या पहिल्या भागात सगळ्यांच्या आज्ञा आधी देऊन मग फेरी पाहायची होती. १९९१ च्या चौथ्या भागात घड्याळ आले : आपण यादीत औषध शोधत असताना शत्रू थांबत नाही. ती रीत हिरोयुकी इतो यांची, आणि मोटारींच्या फॉर्म्युला वन शर्यती पाहताना ती सुचल्याचे सांगितले जाते. तुम्ही खेळलेला सातवा भाग त्याच घड्याळावर चालतो. २००१ च्या दहाव्याने घड्याळ काढून टाकले. म्हणजे तुम्ही ज्याला मालिकेचा मूळ स्वभाव समजत आहात, ती एका भागाची रीत आहे. आणि गंमत अशी की बाराव्या भागाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक हेच इतो आहेत आणि गॅम्बिटही त्यांचेच. परक्याने घरात घुसून भिंती पाडल्या असा प्रकार नाही. ज्याने एक खोली बांधली त्यानेच दुसरी बांधली आहे.

म्हणून मी पुढचा भाग तपासताना दोनच गोष्टी पाहतो : खेळाडूच्या हातून कोणते काम काढून घेतले, आणि त्याच्या जागी कोणते दिले. सातव्या भागातील रस्त्यावरच्या साध्या लढाया आठवून पाहा. दहांपैकी नऊ वेळा तुम्ही ‘हल्ला, हल्ला, हल्ला’ एवढेच बटण दाबत होता की नाही? त्याला विचार म्हणता येणार नाही. बाराव्या भागाने ती हमाली काढून घेतली. तिच्या जागी दिले ते नियम लिहिण्याचे काम, आणि ते काम तुम्ही केलेलेच नाही, असा माझा दाट संशय आहे.

माझ्या वडिलांचे किराणा दुकान होते. नव्या पोराला गल्ल्यावर बसवताना ते त्याला चार गोष्टी सांगत आणि त्यांचा क्रम कधी बदलत नसत. उधारी मागायला कोणी आले तर मालक जेवायला गेलेत म्हणून सांग. सुट्टे नसतील तर शेजारून आण, पण गल्ला उघडा टाकून जाऊ नकोस. गिऱ्हाईक नसेल तर तांदूळ निवड. एक पोर असे निघाले की त्याने तांदूळ निवडणे पहिल्या क्रमांकावर धरले आणि गिऱ्हाईक उभेच राहिले. गॅम्बिट म्हणजे हेच. वरचा नियम लागू झाला तर खालचा वाचलाच जात नाही.

एक उदाहरण घ्या. या खेळात बहुतेक प्राणी मेल्यावर पैसे टाकत नाहीत, कातडी, शिंगे, दगड असा माल टाकतात, आणि तो विकून आपले भागते. साहजिकच चोरी करण्याला महत्त्व येते. तुम्ही सर्वांत वर ‘कोणताही शत्रू – चोरी’ असा नियम लावलात तर खेळाचा नायक वान बिचारा रिकाम्या खिशात हात घालत शेवटपर्यंत उभा राहील, आणि बाकीचे दोघे मार खातील. तोच नियम ‘एचपी शंभर टक्के असलेला शत्रू – चोरी’ असा लिहा. मग तो कोऱ्या शत्रूवरच हात साफ करतो, आणि पहिला घाव बसताच खालच्या ओळीवर येऊन तलवार उचलतो. एवढ्या एका शब्दाच्या फरकासाठी मी पार्लरचे वीस रुपये घालवले आहेत आणि मला त्याचे आजही वाईट वाटत नाही. त्याचप्रमाणे मृतांच्या जातीच्या शत्रूंना उपचाराचा मंत्र जखम करतो. ‘मृत शत्रू – उपचार’ अशी ओळ लिहून पाहा आणि थडग्यात शिरा.

थडग्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो की वाळूच्या समुद्रापलीकडे तुम्हाला राइथवॉलचे थडगे लागेल आणि तेथे एक राक्षसी भिंत तुमच्याकडे सरकत येईल. ती दालनाच्या टोकाला पोहोचली की खेळ संपला. तेव्हा ताट घेऊन दारात बसून दाखवा.

दोष नाही असे मात्र मी म्हणणार नाही. सुरुवातीला नियमांच्या ओळी मोजक्या, त्या वाढवायच्या तर परवाने हवेत, आणि नियमांतील अटी दुकानातून विकत घ्याव्या लागतात. त्यामुळे पहिले आठ-दहा तास खरोखरच ‘समोर दिसेल त्याला मार’ यापलीकडे फारसे काही लिहिता येत नाही. ज्या खेळाचा सगळा जीव नियम लिहिण्यात आहे, त्याने लेखणीच इतक्या उशिरा हातात द्यावी, हे मला तेव्हाही पटले नव्हते.

अनगोळकर

निपाणीकरांचे दुकानाचे उदाहरण छान आहे, पण ते त्यांच्याच विरुद्ध जाते. पोर एकदा तयार झाले की मालक काय करतो? झोपतो. चांगले नियम एकदा जमले की पुढचे वीस तास त्यांना हात लावावा लागत नाही, हा माझा अनुभव आहे, आणि तो मी दोनदा घेतला आहे. दुसरे असे की ‘झोडिॲक एज’मध्ये खेळ दुप्पट आणि चौपट वेगाने पळवण्याचे बटण आहे. ज्या खेळाचे कर्तेच लढाया चौपट वेगाने उरकण्याची सोय करून देतात, त्यांनी त्या लढाया पाहण्यासारख्या नाहीत हे कबूल केले आहे. मग टीकाकारांनी वेगळे काय सांगायचे राहिले?

यियाझमात नावाच्या त्या अजगरासारख्या प्राण्याचा एचपी ५ कोटींहून अधिक आहे. मी त्याला मारले. त्यात कौशल्य किती आणि चिकाटी किती, याचा हिशेब मी अजून करत आहे. आणि मूळ २००६ च्या खेळात सर्वांत जबर भाला मिळवायचा तर ठरावीक चार पेट्या उघडायच्या नाहीत, अशी अट होती, आणि त्या कोणत्या याचा अवाक्षरानेही उल्लेख खेळात नव्हता. पेटी दिसली की उघडायची, हे ज्या मालिकेने आम्हाला वर्षानुवर्षे शिकवले तिनेच त्याबद्दल शिक्षा करावी, याला मी नावीन्य म्हणणार नाही. नव्या आवृत्तीत ती अट काढली आहे, हे खरे. पण मग आपण तपासतो आहोत ते कोणत्या खेळाला?

निपाणीचा जुना खेळाडू

अनगोळकर, शेवटचा प्रश्न तुम्ही रागाच्या भरात विचारलात, पण तो बिनतोड आहे. २००६ च्या खेळात परवान्यांचा पट, म्हणजे कोणाला काय वापरता येईल हे ठरवणारा तक्ता, सहाही पात्रांना एकच होता, त्यामुळे शेवटी शेवटी फ्रान, बाश आणि पेनेलो यांच्यात चेहऱ्याखेरीज फरक उरत नसे. सगळ्यांना सगळे येई. २००७ साली फक्त जपानात निघालेल्या आवृत्तीत बारा व्यवसायांचे बारा पट आले, आणि २०१७ च्या ‘झोडिॲक एज’मध्ये एकेकाला दोन व्यवसाय देता येऊ लागले. ही डागडुजी किरकोळ नाही. माणसे वेगळी झाली की त्यांचे नियमही वेगळे लिहावे लागतात, आणि तुम्ही म्हणता ती मालकाची झोप बरीचशी उडते. मी पार्लरमध्ये खेळलेल्या खेळाला दहापैकी सात देईन, टिळकवाडीकरांच्या संगणकावरच्या खेळाला साडेआठ. दोन्हींवर बारा हाच आकडा आहे.

चौपट वेगाबद्दल एवढेच म्हणेन की तो मी रिकामी वाट पुन्हा तुडवताना वापरतो. लढाईत वापरला तर नियमांतली चूक सापडायच्या आत तिघे आडवे झालेले असतात.

खानापूरची वाचक

चर्चा लढाईवरच अडकली आहे म्हणून लिहिते. मी मालिकेतील खेळ प्रामुख्याने कथेसाठी खेळते, आणि माझ्या मते बारावा भाग आधीच्या भागांपासून सर्वांत दूर गेला तो गॅम्बिटमुळे नव्हे, तर नायकाला बाजूला उभे केल्यामुळे.

दाल्मास्का हे छोटे राज्य आर्केडिया आणि रोझारिया या दोन साम्राज्यांच्या कात्रीत सापडलेले आहे. राज्य पडून दोन वर्षे झाली आहेत. नवा कारभारी व्हेन राबानास्त्र शहरात येतो, चौकात लोक त्याची हुर्यो उडवायला जमतात, आणि तो भाषण करतो. तुमचा माझ्याबद्दलचा राग तसाच राहू द्या, असे काहीसे तो म्हणतो, मेलेल्या राजाचा आदराने उल्लेख करतो, आणि भाषण संपेपर्यंत तीच गर्दी टाळ्या वाजवत असते. तो प्रसंग मी तीनदा पाहिला. सीमेवर वाढलेल्या माणसाला, दुकानाच्या पाटीपासून शाळेच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक कागदाची भाषा कोण ठरवतो हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला, त्या चौकातील चेहरे नवे वाटत नाहीत. तो धागा मी येथे आणखी ओढणार नाही. विषय खेळाचा आहे.

अशा कथेत वान हा गल्लीतला अनाथ पोरगा जवळजवळ सर्व वेळ प्रेक्षक असतो. सुरुवातीच्या आराखड्यात नायक बाश होता, हे करणाऱ्यांनीच नंतर सांगितले आहे, आणि पुष्कळ जण वानला त्यामुळे ‘नंतर चिकटवलेला’ म्हणून हिणवतात. सातव्यात क्लाउडची, दहाव्यात टीडसची कथा आपण त्यांच्या आतून जगतो. त्या मापाने वान उणाच पडतो. पण राजकन्या आशे सूड घ्यायचा की नाही याच्या ओझ्याखाली असताना, त्याच युद्धात भाऊ गमावलेला एक सामान्य पोरगा शेजारी चालतो आहे, त्याला ना सिंहासन मिळणार आहे ना बदला, आणि तरीही तो चालतो आहे, याचे मला मोल वाटते. खेळाचे पहिले काही क्षण आपण त्या भावाच्या, रेक्सच्या, अंगात असतो, हे विसरू नये.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र कथा विरळ होते, यात शंका नाही. खेळाचे मूळ दिग्दर्शक यासुमी मात्सुनो यांनी २००५ मध्ये प्रकृतीच्या कारणाने काम सोडले. विरळपणाचा दोष कोणाचा हे पडद्यावरून ठरत नाही, पण विरळपणा दिसतो. बुर-ओमिसाचे मंदिर सोडल्यापासून आर्केड्स शहर गाठेपर्यंत मोस्फोरा, सालिकाचे जंगल, फॉनचा किनारा, त्चिताचे पठार, सोचेनची गुहा अशी वाट तुडवावी लागते. बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला पायी निघावे आणि वाटेत कोणी बोलायलाच भेटू नये, तसे ते होते. फॉनच्या किनाऱ्यावर सोबतचा बाल्थियर आपल्या वडिलांबद्दल बोलतो तेवढाच विसावा.

आणि एक गोष्ट कोणी बोलले नाही म्हणून सांगते. गिझाचे मैदान कोरड्या ऋतूत आधी पाहून घ्या, तेथल्या भटक्या लोकांच्या पोरांशी बोला, आणि मग पावसात पुन्हा जा. लोक गुरेढोरे घेऊन निघून गेलेले असतात, वाटा पाण्याखाली जातात, प्राणी बदलतात, आकाश खाली येते. मी हा भाग जुलैत खेळले. खिडकीबाहेर खानापूरचा पाऊस, कौलांवर तोच आवाज, आणि पडद्यावर गिझा. दहाव्या भागात जग एका लांब रस्त्यासारखे होते, फार देखणे, पण आपण गेल्यावर तेथे काही बदलत असेल असे कधी वाटले नाही.

टिळकवाडीकर

सर्वांचे आभार. तीन दिवस गेले, आता अनुभव सांगतो.

निपाणीकर दादा, तुमचा संशय खरा निघाला. मी खेळाने सुरुवातीला लावून दिलेलेच नियम वापरत होतो, फक्त उपचाराचा आकडा भीतीपोटी नव्वद टक्क्यांवर नेला होता. राक्षसी भिंतीपुढे त्याची किंमत कळली. कोणाला जरासे खरचटले की पेनेलो हल्ला सोडून उपचार करत बसे, आणि भिंत सरकतच होती. दोनदा चिरडले गेलो. तिसऱ्या खेपेला आकडा चाळीसवर आणला, तिचा उपचार तिसऱ्या ओळीत ढकलला, बाशला उपचारातून मोकळे केले, आणि भिंत दालनाच्या टोकापासून दोन पावलांवर असताना कोसळली. मी एकही हल्ला हाताने केला नाही, आणि तरी ती लढाई माझी होती, असे मला प्रथमच वाटले.

अनगोळकरांचा आक्षेप मला अजून पोखरतो आहे, कारण भिंतीनंतरच्या साध्या लढायांत मी पुन्हा नुसता पाहत बसलो आहे. नियम बरोबर लागले की खेळाडूला काम उरत नाही, आणि ते चुकले की काम भरपूर. म्हणजे हा खेळ चुकणाऱ्यांसाठी अधिक रंगतदार आहे, असे काहीतरी होते. खानापूरच्या ताई, व्हेनचे भाषण मी घाईत बटण दाबून पुढे ढकलले होते. ते पाहण्यासाठी जुना सेव्ह शोधला, पण त्यावर नंतरचा लिहिला गेला आहे.

मामेभावाला काय सांगावे?

अनगोळकर

त्याला आधी नववा घ्यायला सांगा, आणि तुम्हीही तुमचा अर्धा राहिलेला पूर्ण करा. त्यातल्या लढाया संथ आहेत, पण प्रत्येक आज्ञा आपली असते. बारावा त्यानंतर.

निपाणीचा जुना खेळाडू

मी उलट सांगेन. दहाव्यानंतर थेट बाराव्यात जाऊ दे, पण पहिल्याच दिवशी त्याला फोन करून एवढे बजावा की पैसे साठले की तलवार घेण्याआधी दुकानात गॅम्बिटची यादी उघड. आणि पूर्वेकडच्या वाळवंटात तो प्रचंड सरडा एकटाच फिरताना दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नकोस, तुझे नियम कितीही चांगले असले तरी.